नांदेडहून पुण्याला पाठवलेली टिनची सॅम्पल्स: एका टेस्टिंग लॅबचा अनुभव

पेरोव्हस्काइट म्हणजे सोलर सेलमध्ये उजेड शोषणारा, एका विशिष्ट स्फटिक-रचनेचा पदार्थ; त्यात बहुधा शिसं असतं. शिशाविना पेरोव्हस्काइट सोलर सेलवर काम करणाऱ्यांनी एक्सपीएस (एक्स-रे मारून पृष्ठभागावरची मूलद्रव्यं आणि त्यांची अवस्था बघणं) आणि यूपीएस (अतिनील प्रकाश मारून इलेक्ट्रॉनच्या ऊर्जा-पातळ्या बघणं) या दोन मोजमापांसाठी पुण्यातल्या या खासगी लॅबकडे जरूर जावं. डेप्थ प्रोफाइलसाठी, म्हणजे थर उतरवत खोलवर मोजण्यासाठी, जाऊ नये. फोटोल्युमिनसन्ससाठी (उजेड मारल्यावर पदार्थ स्वतः किती उजेड परत देतो ते मोजायला) गेलात तर रिपोर्ट स्वीकारण्याआधी काही प्रश्न विचारून घ्यावेत. लॅबचं नाव घेत नाही. मला जाहिरातही करायची नाही आणि तक्रारीचा जो भाग आहे त्यावरून कुणाला बदनामही करायचं नाही. अशी सेवा देणाऱ्या लॅब पुण्या-मुंबईत आणखीही आहेत आणि खाली लिहिलेल्या गोष्टी त्यांच्याकडेही तपासून बघता येतील.

मी नांदेडला पीएचडी करते. वडील अर्धापूर तालुक्यात केळी करतात आणि आमच्या सौर पंपाची पॅनेलं शेतातच बांधाला उभी आहेत, सिलिकॉनची. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी मराठवाड्यात पाहिली, त्यांना पॅनेलची काच फुटू शकते हे समजावून सांगावं लागत नाही. जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने 2009 साली पेरोव्हस्काइटचा पहिला सेल केला तेव्हा कार्यक्षमता 3.8 टक्के होती, आज शिशाचे सेल 26 टक्क्यांच्या वर गेलेत. आकडे बघून आनंद होतोच. पण त्यातलं लेड आयोडाइड पाण्यात थोडं का होईना विरघळतं, आणि फुटलेल्या पॅनेलखालून वाहणारं पावसाचं पाणी आमच्याकडे थेट केळीच्या बुंध्याशी जातं. म्हणून मी शिशाच्या जागी टिन, म्हणजे कथील, घेतलं. टिनचे सेल 2014 मध्ये 6 टक्क्यांच्या आसपास सुरू झाले, आता 15 च्या पलीकडे पोचलेत. अंतर मोठं आहे, आणि ते का आहे हे शोधायला मोजमाप लागतं.

फॉर्मामिडिनियम टिन आयोडाइड या टिन पेरोव्हस्काइटचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, साधारण 1.4 इलेक्ट्रॉन व्होल्ट. एकाच जंक्शनच्या सेलसाठी याहून सोयीचा आकडा मिळणं अवघड. तरीही पीसीबीएम या फुलरीनचा (कार्बनच्या पोकळ गोळ्यांसारख्या रेणूंचा, इलेक्ट्रॉन वाहून नेणारा) थर वर देऊन साधा सेल केला की व्होल्टेज कितीतरी वेळा 0.5 ते 0.6 च्या दरम्यान अडकतं. विहिरीला पाणी आहे, मोटार चांगली आहे, पण पाइपलाइन जोडावर गळतेय, असा हा प्रकार आहे. जोड म्हणजे इंटरफेस: खाली पेडॉट-पीएसएस (धन भार गोळा करणारं, वीज वाहणारं पॉलिमर) आणि टिन पेरोव्हस्काइट यांच्यामधला, वर पेरोव्हस्काइट आणि फुलरीन यांच्यामधला. टिन पेरोव्हस्काइटची कंडक्शन बँड (मोकळे इलेक्ट्रॉन राहतात ती ऊर्जा-पातळी) शिशाच्या मानाने वर असते, त्यामुळे शिशाच्या सेलमध्ये चाललेला पीसीबीएम इथे फार खोल पडतो. इलेक्ट्रॉन खाली घसरतो आणि तेवढे व्होल्ट हातचे जातात. 2020 मध्ये एका गटाने पीसीबीएमच्या जागी आयसीबीए हा दुसरा फुलरीन लावला आणि 0.94 व्होल्ट मिळवले, कार्यक्षमता 12.4 टक्के. शोषणारा पदार्थ तोच, बदलला तो प्रामुख्याने वरचा थर. हा पेपर वाचल्यावर मी ठरवलं की माझ्या प्रबंधात इंटरफेसचं मोजमाप हेच मुख्य प्रकरण असेल.

दुसरी गळती रासायनिक आहे. टिनला दोन संयुजेवरून चारवर जायची घाई असते. हवा लागली की पृष्ठभागावर चार-संयुजी टिन तयार होतं. त्यातून निघालेलं टिन टेट्राआयोडाइड ओलावा आणि ऑक्सिजनसोबत आयोडीन सोडतं आणि तेच आयोडीन उरलेल्या टिनला पुन्हा ऑक्सिडाइज करतं. एकदा सुरू झालं की स्वतःच स्वतःला खातं. डीएमएसओसारखा आपण सगळे वापरतो तो सॉल्व्हंटसुद्धा गरम केल्यावर टिनला ऑक्सिडाइज करतो, हेही 2020 मध्येच दाखवलं गेलं. त्यामुळे पृष्ठभागावरच्या वरच्या काही नॅनोमीटरमध्ये काय आहे, हा टिनच्या बाबतीत जीवन-मरणाचा प्रश्न आहे. एक्सपीएस नेमकं तेवढंच बघतं, वरचे पाच ते दहा नॅनोमीटर.

अडचणही तिथेच आहे. सॅम्पल नांदेडला, मशीन पुण्यात. साध्या डबीत, सिलिका जेलची पुडी टाकून, पार्सलने पाठवलेल्या टिनच्या फिल्मचं एक्सपीएस म्हणजे त्या पार्सलच्या प्रवासाचं मोजमाप. मे महिन्यात आमच्याकडे पारा 42 च्या वर असतो आणि पार्सल कुठल्या गोदामात किती वेळ पडून राहील कुणालाच माहीत नसतं.

या लॅबचं वेगळेपण मला इथेच दिसलं. ते डिपॉझिट घेऊन ट्रान्सफर व्हेसल देतात. स्टीलचं, थर्मासएवढं भांडं, एका टोकाला व्हॉल्व्ह, झाकणाला ओ-रिंग आणि क्लॅम्प. ते आपल्या ग्लोव्हबॉक्समध्ये (नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत) घ्यायचं, आत नायट्रोजनमध्येच सॅम्पल होल्डरवर लावायचं, बंद करून बाहेर काढायचं. पुण्यात ते थेट मशीनच्या लोड-लॉकला, म्हणजे सॅम्पल आत घेणाऱ्या कप्प्याला, जोडतात. मधे हवेचा संबंध नाही. मी ते रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये मांडीवर घेऊन गेले आणि सकाळी वाघोलीला उतरून रिक्षाने लॅबवर पोचले. कुरियरनेही पाठवता येतं म्हणतात, माझा जीव झाला नाही.

होल्डरवर एक सेंटिमीटरचाच चौकोन बसतो, आमच्या काचा अडीचच्या. कोटिंग झाल्यावर काच कापली तर भुकटी फिल्मवर उडते, म्हणून आयटीओची (वीज वाहणारा पारदर्शक थर असलेली) काच आधीच बारीक कापून घ्यावी लागली. नांदेडच्या वजिराबादेत फ्रेम आणि आरसे करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी काच उजेडाकडे धरून तिरकी केली आणि लगेच म्हणाले, "हिच्या एका अंगाला काहीतरी चढवलंय. वरून काय लावायलेत तुम्ही मॅडम?" मी मल्टिमीटर काढून दाखवलं, ज्या बाजूला ओहम दिसतात ती आयटीओची, हिऱ्याची कणी उलट्या बाजूने फिरवा. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र होतं ते काढलं, स्वच्छ फ्लॅनेल अंथरलं, आयटीओची बाजू खाली घेतली आणि पट्टीवर हात न उचलता रेघ मारली. तुकड्यांच्या कडा विद्यापीठातल्या आमच्या कटरपेक्षा सरळ निघाल्या. पैसे द्यायला गेले तर चहा पाजून पाठवलं.

आता लॅबच्या माणसांबद्दल. ऑपरेटर सरांनी मशीन सुरू करायच्या आधी विचारलं, "मॅडम, फिल्म कधी केली? त्यानंतर कुठं होती? उजेड लागला का तिला?" मी सांगितलं, काल दुपारची आहे, ग्लोव्हबॉक्समध्येच, अंधारात. त्यांनी ते लॉगबुकात लिहिलं. मला त्या तीन प्रश्नांनीच निम्मं समाधान मिळालं. हॅलाइडमधले (आयोडाइड-ब्रोमाइडसारख्या संयुगांमधले) आयन उजेडात हलतात, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो माणूस यंत्र कितीही महागडं असलं तरी अर्धाच आकडा देतो. मी मुद्दाम एक फिल्म हवेत ठेवून नेली होती, तुलनेसाठी. दोन्ही एकाच दिवशी, एकाच सेटिंगवर घेतल्या. व्हेसलमधून गेलेल्या फिल्मचा टिन 3डी पाच-द्वितीयांशचा पीक (टिनच्या एका ठरावीक पातळीतल्या इलेक्ट्रॉनांचा आलेखातला उंचवटा) अरुंद होता, हवेतल्या फिल्मचा रुंद, जास्त बंधन-ऊर्जेच्या बाजूला खांदा निघालेला. स्क्रीनवर दोन्ही एकावर एक टाकून बघितले तेव्हा व्हेसलच्या डिपॉझिटचं ओझं उतरलं.

रिपोर्टबद्दल मात्र सावध राहा. पीडीएफमध्ये ते पीक दोन भागांत फोडून दोन-संयुजी इतके टक्के, चार-संयुजी इतके टक्के असं देतात. या दोन पीकमधलं अंतर एक इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षाही कमी असतं, आणि पीकची स्वतःची रुंदीच जवळपास तेवढी. रुंदी थोडी मोकळी सोडली, बॅकग्राउंड बदलला, की टक्केवारी बदलते. माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्या दिवसापासून बजावलंय, "टक्के नंतर, आधी कच्चा डेटा." या लॅबने मागताच व्हॅमस फाइल दिल्या, वेगळे पैसे न घेता. कार्बनचा पीक 284.8 इलेक्ट्रॉन व्होल्टवर आणून ऊर्जेचं सगळं स्केल सरकवलंय की आणखी कशावर, हेही रिपोर्टमध्ये लिहिलेलं होतं. मी मागितली म्हणून व्हॅलन्स बँडही (सगळ्यात वरच्या भरलेल्या पातळ्या) घेऊन दिली. टिनच्या दोन अवस्थांमधला फरक तिच्या आकारात जास्त मोकळा दिसतो. आणखी एक मागणी करा: पहिला स्कॅन आणि शेवटचा स्कॅन वेगवेगळा सेव्ह करायला सांगा. एक्स-रेखाली हॅलाइड फिल्म हळूहळू बिघडते. दोन्ही जुळले तरच मधला आकडा धरा.

डेप्थ प्रोफाइलचं सांगते. फोनवर चौकशी केली तेव्हा ऑफिसातल्या मॅडमनी पॅकेजमध्ये तेच आधी सुचवलं होतं: आर्गॉन आयन मारत थर उतरवायचे आणि प्रत्येक थरावर एक्सपीएस घ्यायचं. ऐकायला इंटरफेसपर्यंत पोचायचा सरळ रस्ता वाटतो. प्रत्यक्ष भेटीत ऑपरेटर सरच म्हणाले, "मॅडम, पैसे घालवू नका. आर्गॉन मारला की आयोडीन आधी उडतं, ऑर्गेनिक भाग जळतो आणि टिन धातू होऊन बसतं. जे दिसेल ते आपण केलेलं असेल." अगदी खरं आहे. 485 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास धातूचं टिन दिसलं आणि कुणी त्यावरून इंटरफेसला टिन धातू साठतंय असा निष्कर्ष काढला, तर तो आयन बीमचा निष्कर्ष आहे. हे पॅकेज माहितीपत्रकात इतक्या ठळकपणे देऊ नये, निदान हॅलाइड सॅम्पलसाठी सूचना टाकावी, असं मी त्यांना लेखी कळवलंय. नव्या विद्यार्थ्याला ऑपरेटर भेटेलच असं नाही.

मग गाडलेला इंटरफेस बघायचा कसा? सरांनी सुचवलेली रीत मला मनापासून आवडली: थर उतरवू नका, चढवा. टिनची फिल्म तशीच, मग त्यावर एक नॅनोमीटर सी-60 हा फुलरीन, मग दोन, मग पाच, मग दहा, प्रत्येकाचं वेगळं सॅम्पल. पातळ थराखालून टिनचा पीक अजून दिसत असतो, त्यामुळे वर फुलरीन आल्यावर खालच्या ऊर्जा-पातळ्या सरकतात का, किती सरकतात, हे पायरीपायरीने दिसतं. ही मालिका करायला थर चढवणाऱ्या इव्हॅपोरेटरचा, जाडी मोजणारा क्रिस्टल मॉनिटर नीट कॅलिब्रेट केलेला हवा. आमच्या विभागात त्यासाठी बराच घाम गाळला आणि त्यात वीज जायची वेळ सांभाळली. वळवाचं वारं सुटलं की आमच्याकडे लाइट जातेच, आणि ग्लोव्हबॉक्सचा ब्लोअर थांबला की ऑक्सिजनचा आकडा चढायला लागतो.

यूपीएसचा अनुभव सगळ्यात चांगला. हेलियमचा 21.22 इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रकाश, सॅम्पलला पाच व्होल्ट ऋण बायस, कटऑफवरून वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन पृष्ठभागाबाहेर काढायला लागणारी ऊर्जा. सूत्र बारावीच्या मुलालाही कळेल, पण उत्तर विश्वासाचं असायला दोन गोष्टी लागतात. पहिली, त्याच दिवशी स्वच्छ केलेल्या सोन्यावर फर्मी एज (ऊर्जा जिथून मोजायची तो शून्य) तपासलेली असावी. या लॅबने तो आलेख न मागता रिपोर्टला जोडला होता. दुसरी, व्हॅलन्स बँडचं टोक सरळ स्केलवर काढलंय की लॉग स्केलवर. हॅलाइड पेरोव्हस्काइटमध्ये बँडच्या टोकाशी अवस्था इतक्या विरळ असतात की सरळ स्केलवर रेघ ओढली तर टोक खोल भासतं, चूक काही दशांश व्होल्टची होऊ शकते. शिशाच्या पदार्थांवर हे नीट दाखवलेलं आहे. लॅब सरळ स्केलवरचाच आकडा देते. कच्चा डेटा हातात असल्याने मी दोन्ही काढले आणि प्रबंधात दोन्ही देणार आहे.

इथे एक गोष्ट मनात आहे ती लिहूनच टाकते. आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांमध्ये सेलची पायऱ्यापायऱ्यांची ऊर्जा-आकृती असते: पेरोव्हस्काइटचा आकडा एका पेपरातून, फुलरीनचा दुसऱ्यातून, पेडॉटचा बाटलीवरच्या माहितीतून. त्या पायऱ्या एकमेकींना कधी भेटलेल्याच नसतात. दोन थर टेकले की मधे डायपोल (धन-ऋण भारांची जोडी) तयार होतो, पातळ्या सरकतात आणि कागदावरची आकृती खोटी ठरते. यूपीएस फक्त भरलेल्या पातळ्या बघतं. रिकाम्या पातळीसाठी बँडगॅप मिळवायचा तर फुलरीनच्या बाबतीत ऑप्टिकल गॅप चालत नाही, एक्सिटॉनची (इलेक्ट्रॉन आणि त्याने सोडलेली रिकामी जागा या जोडीची) बंधन-ऊर्जा मधे येते. स्वतःच्या फिल्मवर, स्वतःच्या थरांच्या क्रमाने घेतलेलं एक मोजमाप उसन्या दहा आकड्यांपेक्षा मोलाचं आहे. ज्यांच्याकडे फेलोशिपचे थोडेच पैसे उरलेत त्यांनी एसईएमचे (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) फोटो कमी करावेत आणि हे करावं.

फोटोल्युमिनसन्समध्ये लॅब कमी पडली. टाइम-रिझॉल्व्ह्ड मोजमापाचा, म्हणजे लेसरच्या पल्सनंतर फिल्मचा उजेड किती वेळात विझतो याचा, रिपोर्ट आला त्यात आयुर्मानाचे दोन आकडे होते आणि एक सुबक वक्र. लेसरची तीव्रता किती, पल्स काचेच्या बाजूने मारली की फिल्मच्या, काहीच नाही. याशिवाय तो आकडा निरुपयोगी आहे. फुलरीनचा थर दिल्यावर आयुर्मान घटलं, तर इलेक्ट्रॉन पटकन पलीकडे गेला म्हणून घटलं की इंटरफेसवरच मेला म्हणून घटलं? वक्र दोन्हींचा सारखाच दिसतो. मी त्यांना विचारलं तर चार-पाच फोननंतर तीव्रता कळली, बाजू शेवटपर्यंत नक्की कळली नाही. मला हवं होतं ते क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती उजेड म्हणून परत येतात ते प्रमाण. खोलीच्या तापमानाला यील्ड दहापट घसरलं की साधारण 60 मिलिव्होल्ट गेले, हा हिशेब थेट व्होल्टमध्ये उत्तर देतो: नुसती फिल्म, मग पेडॉटवर फिल्म, मग वर फुलरीन, कोणत्या जोडावर किती गेले ते कळतं. त्यासाठी लागणारा इंटिग्रेटिंग स्फिअर त्यांच्याकडे आहे, पण तो नायट्रोजनमध्ये वापरायची सोय नाही. टिनसाठी मग त्याचा उपयोग काय? ही सोय त्यांनी केली तर आमच्यासारखे कितीतरी लोक जातील.

क्रॉस-सेक्शन एसईएम ठीक. थर मोजायला पुरतं.

उजेड कमी-जास्त करून व्होल्टेज मोजणं आणि इम्पिडन्स यासाठी पैसे देऊन कुठे जायची गरज नाही, ते आपापल्या विभागात होतं. एलईडी, न्यूट्रल फिल्टर आणि सोर्स मीटर पुरे. फक्त मॉट-शॉट्कीच्या (कपॅसिटन्स आणि व्होल्टेजच्या आलेखातल्या) सरळ रेषेवरून डोपिंग काढताना थांबा. इतक्या पातळ सेलमध्ये ती रेषा अनेकदा नुसत्या थराच्या जाडीची कपॅसिटन्स सांगत असते.

तुमचं काम बिस्मथवर असेल, म्हणजे सिझियम सिल्व्हर बिस्मथ ब्रोमाइडसारखं काही, तर व्हेसलचा खर्च वाचवा. माझ्या शेजारच्या टेबलावर ज्युनिअर तेच करतो. त्याची फिल्म हवेत शांतपणे टिकते आणि साध्या व्हॅक्यूम पॅकमध्ये कुरियरने जाऊन व्यवस्थित आली. बँडगॅप 2 च्या आसपास आणि तोही इनडायरेक्ट, त्यामुळे कार्यक्षमतेची मर्यादा वेगळी, पण मोजमापाचं सुख त्याच्याकडे आहे हे मान्य करायला हवं.

पैशांचं सांगायचं तर एक्सपीएस आणि यूपीएस मिळून दर सॅम्पलमागे खर्च चार आकडी होतो, 18 टक्के जीएसटी वेगळा. विद्यार्थ्यांना सवलत आहे, पण मार्गदर्शकांच्या सहीचं लेटरहेडवरचं पत्र लागतं. ते आधीच मेल करा, नंतर बिल बदलून मिळत नाही. आपल्या अकाउंट विभागाला तीन कोटेशन लागतात हे त्यांना ठाऊक आहे आणि कोटेशन त्याच दिवशी येतं. तारीख मिळायला मात्र वेळ लागतो, मार्चअखेर तर विचारूच नका. बुकिंग करताना ऑपरेटरशी बोलायचंय असं आग्रहाने सांगा, ऑफिस आपणहून जोडून देत नाही.

व्हेसल परत करताना ओ-रिंगवर बारीक चीर दिसली. मी फोटो काढून पाठवला, त्यांनी डिपॉझिटमधून काही कापलं नाही. आयसीबीएच्या थरांची मालिका पावसाळा सरल्यावर न्यायची आहे, तेव्हासाठी जादा ओ-रिंग आणि व्हॅक्यूम ग्रीसची छोटी ट्यूब मी आत्ताच मागून ठेवली आहे.